एक्स फॉर झायलोफोन, पण पुढे काय? ऑर्केस्ट्रातल्या शेवटच्या रांगेशी मुलांची ओळख कशी करून द्यायची?

इंग्रजी मुळाक्षरांचं कुठलंही रंगीत पुस्तक उघडा. ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल करत गाडी एक्सपाशी आली की पुस्तक छापणाऱ्याची पंचाईत होते. मग तिथे एकतर ख्रिसमसचं झाड येतं, नाहीतर रंगीबेरंगी पट्ट्यांचं एक वाद्य. झायलोफोन.

म्हणजे गंमत बघा. ओबो, चेलो, बसून ही नावं कानावरसुद्धा पडलेली नसतात, पण तीन-चार वर्षांच्या पोराला सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या एका वाद्याचं नाव तोंडपाठ असतं. ते वाद्य कसं वाजतं आणि वाजवणारा स्टेजवर कुठे उभा असतो, हे मात्र ना पोराला माहिती असतं, ना आईबाबांना.

त्यात आणखी एक घोळ आहे. ‘झायलॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत लाकूड आणि ‘फोन’ म्हणजे आवाज. खऱ्या झायलोफोनच्या पट्ट्या लाकडाच्या असतात. खेळण्यांच्या दुकानात झायलोफोन म्हणून जे मिळतं, त्याच्या पट्ट्या बहुतेक वेळा पत्र्याच्या असतात. त्या वाद्याला ऑर्केस्ट्रात ग्लॉकेनश्पील म्हणतात. एकाचा आवाज कोरडा, टकटक करणारा. दुसऱ्याचा किणकिणता, घंटेसारखा लांबत जाणारा. मुलाला हा फरक एकदा कानाने कळला की अर्धं काम झालं.

पण थांबा, ऑर्केस्ट्रा म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवात मांडवासमोर रंगणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. इथे बोलतोय ते सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल. साठ-सत्तर, कधी शंभरच्या आसपास वादक, समोर हातात छडी घेतलेला कंडक्टर, पुढे व्हायोलिनचा ताफा, मध्ये बासरी-क्लॅरिनेटवाले, त्यामागे पितळी भोंगे. आणि सगळ्यात मागे, बऱ्याचदा बसलेली नाही तर उभी असलेली, दोन-चार माणसं. त्यांच्याभोवती ढोल, झांजा, त्रिकोण, थाळ्या, पट्ट्या असा सगळा बाजार मांडलेला असतो. हा पर्कशनचा विभाग. मराठीत आघातवाद्यं.

आपल्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितलेत. तारांची ती तत, फुंकून वाजवायची ती सुषिर, कातडं मढवलेली अवनद्ध आणि टाळ-झांजांसारखी, जिथे वाद्याचं घन शरीरच नाद देतं ती घन. ऑर्केस्ट्रातल्या पर्कशनमध्ये शेवटचे दोन प्रकार एकाच रांगेत उभे असतात. त्यामुळे ढोल-ताशा, लेझीम आणि टाळ बघत मोठं झालेलं मूल या रांगेत गेलं तर त्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. तबला, पखवाज आणि टाळ हे वेगवेगळे स्वभाव आहेत, हे त्याला आधीच कळलेलं असतं.

तरीही मुलांना पर्कशनची ओळख बहुतेक वेळा एकाच वाक्यात करून दिली जाते. ‘आणि हे मागचे काका धडामधूम करतात.’ शाळेच्या स्नेहसंमेलनातही साधारण हेच चालतं. ज्याला सूर जमत नाही त्याच्या हातात खंजिरी द्या आणि मागच्या रांगेत उभं करा. मूल तेवढ्यात समजून जातं की हे काम उरलेल्यांचं आहे. प्रत्यक्षात मागच्या रांगेइतकं कान टवकारून ऐकण्याचं काम ऑर्केस्ट्रात क्वचितच कुणाला करावं लागतं. हे मुलांपर्यंत नीट पोहोचवणारी माणसंही होऊन गेली आहेत.

ब्रिटनने मुलांना काय दाखवलं?

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ब्रिटनच्या शिक्षण खात्याला मुलांसाठी ऑर्केस्ट्राची ओळख करून देणारी एक फिल्म हवी होती. संगीताची जबाबदारी आली बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराकडे. हो, देशाचंही नाव ब्रिटन आणि माणसाचंही, निदान मराठीत लिहिताना तरी. त्याने हेन्री पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराने १६९५ मध्ये एका नाटकासाठी केलेली एक धून घेतली आणि ती ऑर्केस्ट्रातल्या एकेका वाद्याच्या हातात देऊन बघितली. १९४६ मध्ये ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द ऑर्केस्ट्रा’ ही फिल्म आली. त्यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवत होता आणि कंडक्टर माल्कम सार्जंट स्वतःच मुलांना वाद्यं समजावून सांगत होता. तीच रचना पुढे ‘द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा’ या नावाने जगभर गाजली. वेस अँडरसनचा २०१२ चा ‘मूनराइज किंग्डम’ बघितला असेल, तर सुरुवातीलाच पोरं घरात बसून जी रेकॉर्ड ऐकत असतात, ती हीच.

साधारण १७ मिनिटांच्या या रचनेत पर्कशनचा नंबर सगळ्यात शेवटी, तेराव्या भागात येतो. पण ब्रिटनने त्यांना ‘धडामधूम’मध्ये गुंडाळलेलं नाही. त्याने एकेकाला पुढे बोलावलंय.

पहिला मान टिंपनीचा. तांब्याच्या मोठ्या कढया, त्यावर ताणलेलं कातडं. आपल्या नगाऱ्याची आणि टिंपनीची नाळ एकच. अरबी ‘नक्कारा’ या शब्दावरून मराठीत नगारा आला आणि त्याच शब्दावरून मध्ययुगीन इंग्रजीत ‘नेकर्स’ आला. घोड्यावर बांधायचे मोठे नगारे पंधराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोहोचले आणि पुढे दरबारातून ऑर्केस्ट्रात शिरले. नगाऱ्यात आणि टिंपनीत मोठा फरक म्हणजे टिंपनीला ठरलेला सूर असतो आणि तो वाजवता वाजवता बदलता येतो. तबलजी हातोडीने जे करतो, ते इथे पायाखालचं पेडल करतं. म्हणूनच कार्यक्रम चालू असताना टिंपनीवाला मध्येच वाकून कातडं हुंगतोय असं वाटतं. तो हुंगत नसतो, पुढचा सूर लावत असतो. तेही बाकीचा सगळा ऑर्केस्ट्रा वेगळंच काहीतरी वाजवत असताना. मुलांना हे आधी सांगून ठेवा. मग त्यांची नजर त्या माणसावरून हलत नाही.

त्यानंतर मोठा ढोल आणि झांजा येतात. झांजांचा धडा मुलांना हमखास आवडतो, कारण आपण समजतो तशा त्या वाजवत नाहीत. दोन झांजा समोरासमोर अगदी सपाट आपटल्या तर मधली हवा कोंडते आणि फस्स असा आवाज येऊन त्या एकमेकींना चिकटतात. म्हणून वादक त्या जराशा तिरक्या धरून एकमेकींवरून सरकवतो. या झांजा युरोपात पोहोचवल्या त्या तुर्कांच्या लष्करी बँडने. आज जगातल्या कित्येक ऑर्केस्ट्रांमध्ये ज्या झिल्जियन कंपनीच्या झांजा दिसतात, ती कंपनी १६२३ मध्ये इस्तंबूलमध्ये एका आर्मेनियन कारागिराने सुरू केली. झिल्जियन या आडनावाचा अर्थच झांजा घडवणाऱ्याचा वंशज. आज ही कंपनी अमेरिकेत आहे.

पुढे खंजिरी आणि ट्रँगल. ट्रँगल म्हणजे वाकवलेली पोलादी सळई, एक कोपरा उघडा ठेवलेला. दिसायला सगळ्यात सोपं वाद्य. पण ते मुठीत धरलं की नुसतं ‘टक’ होतं. बारीक दोऱ्याला टांगलं की तोच त्रिकोण शंभर वादकांच्या आवाजातून आरपार ऐकू येतो.

मग साइड ड्रम. त्याच्या खालच्या बाजूला तारा लावलेल्या असतात, त्यामुळे ताशासारखा कडकडाट निघतो. एक खटका ओढून तारा सैल केल्या की त्याच ड्रमचा आवाज भोंगळ होतो. सोबत लाकडाचा पोकळ ठोकळा. मग झायलोफोन, मुळाक्षरांच्या पुस्तकातला. मग चिपळ्यांची स्पॅनिश बहीण, कॅस्टानेट्स, आणि मोठी काशाची थाळी, गाँग. गाँगबद्दल एक आतली गोष्ट. मोठा ठोका द्यायच्या आधी वादक तिला कुणाला ऐकू येणार नाही इतक्या हलक्या हाताने थोपटून घेतो. थाळी आधीच थरथरत असली की ठोक्याला ती लगेच बोलते.

आणि मग चाबूक. खरा नाही, बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या. फाट्कन मिटल्या की चाबूक ओढल्याचा आवाज. जुन्या विनोदी नाटकांत कुणाला मारल्याचा आवाज काढायला असल्याच फळ्या वापरायचे. त्यांचं इंग्रजी नाव स्लॅपस्टिक, आणि धडपडीच्या विनोदाला तेच नाव पडलं. चार्ली चॅप्लिन आणि ऑर्केस्ट्रा यांचं नातं सांगायला याहून सोपी जागा नाही.

आता याची तुलना मुलांच्या दुसऱ्या लाडक्या रचनेशी करून बघा. रशियन संगीतकार प्रोकोफिएफच्या १९३६ मधल्या ‘पीटर अँड द वुल्फ’ या सांगीतिक गोष्टीत प्रत्येक पात्राला एक वाद्य आहे. पक्षी म्हणजे बासरी, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून. टिंपनी आणि मोठ्या ढोलाच्या वाट्याला काय आलं? शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बार. गोष्ट भन्नाटच आहे, पण पर्कशनची पहिली ओळख तिथून झाली तर मुलाच्या डोक्यात ‘धडामधूम’ पक्कं बसतं. ब्रिटनची रचना आधी ऐकवावी ती यासाठी.

न वाजवण्याचं काम

ब्रिटनमध्येही एक गोष्ट नुसतं ऐकून कळत नाही. पर्कशनवाल्याचा बराचसा वेळ वाजवण्यात जातच नाही. तो वाट बघण्यात जातो.

बीथोवनची नववी सिम्फनी तासाभराच्या आसपास चालते. तिच्यातला ट्रँगल, झांजा आणि मोठा ढोल थेट शेवटच्या भागात वाजतात. पहिले तीन भाग ही मंडळी गप्प. ड्वोरझाकच्या १८९३ मधल्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीत झांजेचा ठोका किती वेळा आहे? एकदा. शेवटच्या भागात, तोही फार मोठा नाही. बाकी सगळा वेळ मात्रा मोजायच्या. तिथे चूक झाली तर लपायला जागा नाही. बारा व्हायोलिनांत एखादं चुकलं तर खपून जाईल, एकुलती एक झांज चुकून कसं चालेल?

हिचकॉकला यातला थरार बरोबर कळला होता. त्याच्या १९५६ च्या ‘द मॅन हू न्यू टू मच’मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मारेकरी बंदूक रोखून बसलाय आणि झांजांचा एकच मोठा दणका होईल त्या क्षणी तो गोळी झाडणार आहे. कॅमेरा पुन्हापुन्हा त्या झांजवाल्याकडे जातो. तो निवांत बसलाय, मग उठतो, मग झांजा उचलतो. मुलं दहा-बारा वर्षांची झाली असतील तर हा प्रसंग त्यांच्यासोबत जरूर बघा.

उलट टोकाला रॅव्हेलचं १९२८ मधलं ‘बोलेरो’. तिथे साइड ड्रमवाल्याला विश्रांतीच नाही. एकच छोटा ठेका, १६९ वेळा, साधारण पंधरा मिनिटं. सुरुवात कुजबुजीइतकी बारीक आणि शेवट कान दणाणून सोडणारा. लय मात्र तसूभरही हलायला नको.

घरी हा खेळ करून बघता येतो. तीनतालाप्रमाणे मनातल्या मनात सोळा मात्रा मोजायच्या आणि सतराव्याला, म्हणजे पुढच्या समेवर, एकच टाळी. चार-पाच जणांनी डोळे मिटून एकत्र केलं तर टाळ्या फुटतात. कुणी घाईत, कुणी उशिरा. पाच-सहा वेळा केल्यावर त्या एकत्र पडायला लागतात.

चुकीचा सूर काढूनच ठेवला तर?

ऐकवणं झालं, पण मुलांना हात लावायला हवा असतो. इथे जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ कामाला येतो. १९२४ मध्ये म्युनिकमध्ये डोरोथे ग्युंटर यांच्यासोबत त्याने एक शाळा सुरू केली. तिथे नाच, हालचाल आणि संगीत एकत्र शिकवलं जायचं. पुढे गुनिल्ड केटमान या सहकारी शिक्षिकेबरोबर त्याने मुलांसाठी जी पद्धत बसवली, ती १९४८ पासून बव्हेरियन रेडिओवरून घराघरांत पोहोचली.

ऑर्फच्या पद्धतीत लहान मुलांसाठी छोटे झायलोफोन आणि ग्लॉकेनश्पील आहेत, आणि त्यांच्या पट्ट्या सुट्ट्या करता येतात. शिक्षक सुरुवातीला त्यातल्या दोन पट्ट्या काढून ठेवतात. सी हा सा धरला तर एफ आणि बी या पट्ट्या काढायच्या. म्हणजे मध्यम आणि निषाद. उरलं काय? सा, रे, ग, प, ध. आपल्याकडे शास्त्रीय गाणं शिकायला गेलेल्या कितीतरी मुलांना सुरुवातीलाच शिकवला जातो, त्या भूप रागाचे स्वर. आता मुलाने काहीही वाजवलं तरी ते कानाला खटकत नाही. चार मुलांनी एकदम वाजवलं तरी नाही. व्हायोलिनवर असा एक बरा सूर काढायला महिने जातात. इथे पहिल्याच दिवशी मूल ऑर्केस्ट्राचा भाग होतं.

ब्रिटननेही पुढे मुलांच्या हातात वाद्यं दिली. १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये त्याचं ‘नोयेज फ्लड’ झालं. नोहा, त्याची नौका आणि महापूर. वाजवणाऱ्यांत कसलेल्या वादकांसोबत ढिगाने शाळकरी मुलं होती. पावसाचे पहिले थेंब कसे ऐकवायचे, हा प्रश्न होता. इमोजेन होल्स्ट या सहकारी संगीतकार बाईंनी तोडगा दिला. चहाचे मग दोरीला ओळीने टांगायचे आणि लाकडी चमच्याने वाजवायचे. टप... टप टप. लहान मग, मोठा मग, प्रत्येकाचा थेंब वेगळा. ‘मूनराइज किंग्डम’मध्ये या प्रयोगाचीही झलक आहे.

तुमच्या स्वयंपाकघरातही हे होऊ शकतं. मग फुटायची भीती वाटत असेल तर स्टीलचा मोठा चमचा घ्या. दोऱ्याच्या मधोमध बांधा, दोऱ्याची दोन्ही टोकं दोन तर्जन्यांना गुंडाळा, ती बोटं कानांत हलकेच ठेवा आणि लोंबता चमचा टेबलावर आपटू द्या. बाहेर नुसतं ‘टण्’ ऐकू येतं. कानांत मात्र देवळातली घंटा घुमते. नाद दोऱ्यातून आणि बोटांतून आत शिरतो.

ऐकू न येणारी वादक

हा चमच्याचा खेळ एका मुलीच्या बाबतीत खेळ नव्हता.

एव्हलिन ग्लेनी. जन्म १९६५, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरचा. आठव्या वर्षापासून तिची ऐकण्याची शक्ती जायला लागली आणि बारा वर्षांची होईपर्यंत ती जवळपास पूर्ण गेली. नेमकं याच वयात तिला शाळेत पर्कशन शिकायचं होतं. तिच्या शिक्षकांनी नाही म्हटलं नाही. ते टिंपनी वाजवायचे आणि तिला भिंतीवर हात टेकवून उभं करायचे. हळूहळू तिला कळायला लागलं की खर्जातले सूर पायांत आणि तळव्यांत जाणवतात, वरचे सूर चेहऱ्यावर, मानेपाशी, छातीत.

लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तिने अर्ज केला तेव्हा आधी नकार आला. बहिऱ्या मुलीचं वादक म्हणून भविष्य काय, हा प्रश्न होता. ती अडून बसली. वाजवणं ऐका आणि त्यावर ठरवा, एवढंच तिचं म्हणणं. तिला प्रवेश मिळाला. पुढे ती एकल पर्कशन वादक म्हणून जगभर फिरली. अनेकदा अनवाणीच वाजवते, म्हणजे जमिनीतून येणारी थरथर पायांना कळते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात हजार ढोलवाद्यांच्या ताफ्याच्या पुढे तीच होती.

वर्गात एखादं मूल कमी ऐकणारं असेल, तर पर्कशनच्या तासाला त्याला बाजूला बसवू नका. मोठ्या ढोलाच्या कडेला तळहात ठेवू द्या. पण एक काळजी सगळ्याच मुलांची घ्या. मोठा ढोल आणि झांजा बंद खोलीत फार कर्कश होतात. लहान कानांपासून दोन हात लांबूनच वाजवा.

प्रत्यक्ष कुठे बघायचं?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यांचे कार्यक्रम तिथे होतात. याच ऑर्केस्ट्रासोबत २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ ही तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची स्वतःची रचना वाजवली होती. म्हणजे एरवी सगळ्यात मागे असणारं आघातवाद्य त्या दिवशी सगळ्यात पुढे होतं.

मुलांना घेऊन जाणार असाल तर तिकीट काढताना एक गोष्ट बघा. पुढच्या रांगेची महागडी खुर्ची इथे उपयोगाची नाही. तिथून व्हायोलिनवाल्यांचे बूट तेवढे दिसतात. वरची बाल्कनी घ्या. तिथून सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा पसरलेला दिसतो, आणि मागचा माणूस झांजा उचलायला कधी उठतो हेही दिसतं.